आर्लिसने सांगितलं म्हणून

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या, नॉर्वेजियन लोकांनी वसवलेल्या आमच्या होल्विकमध्ये कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तर ते आधी देवाला कळतं की आर्लिस हाउग्रुडला, यावर गावातले पुरुष धान्याच्या गोदामापाशी कॉफी पिताना हसत असत. हसत खरे, पण स्वतःच्या घरात दुखणं आलं की मुकाट्याने बायकोला म्हणत, "आर्लिसला फोन लाव." चर्चची प्रार्थनेची साखळी तिच्या हातात होती. कुणी आजारी पडलं, कुणाचा ट्रॅक्टर उलटला, कुणाची मुलगी बाळंतपणाला अडली, की पास्टरबाई आर्लिसला फोन करायच्या, आर्लिस लव्हॉन स्कारला, लव्हॉन पुढचीला. कपातली कॉफी निवायच्या आत अख्खं गाव प्रार्थनेला लागलेलं असायचं. प्रार्थनेला आणि चौकशीला. आमच्याकडे या दोन्हींत कुणी फारसा फरक करत नाही.

साखळीतून आलेला निरोप जसाच्या तसा पुढे द्यायचा असतो, त्यावर शंका काढायची नसते. आणि आर्लिसने सांगितल्यावर शंका कसली काढायची? तिचं सगळं आयुष्य शाळेच्या ऑफिसात गेलेलं. कुणाचं पोर खरंच तापलंय आणि कुणाला गणिताचा पेपर चुकवायचाय, हे ती दारातूनच ओळखायची. नवरा मायलो जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गावाचा तिच्यावर विश्वास होता आणि तिलाही त्याची चांगली जाणीव होती. थोडा तोराच होता म्हणा ना.

लव्हॉन तिच्या समोरच्या घरात राहायची. दोघी एका वर्गात शिकल्या, एकाच उन्हाळ्यात लग्न करून या रस्त्यावर आल्या. लव्हॉनचा नवरा ऑरिन भला उंच, बीटच्या शेतात राबलेला माणूस. त्याचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं आणि शेवटी त्याला रस्त्याच्या टोकाच्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना कायमचं सांभाळतात तिथे, ठेवावं लागलं. रोज दुपारी लव्हॉन सुपाचा डबा घेऊन चालत जायची आणि त्याला भरवायची. तो तिला नावाने ओळखत नव्हता, पण तोंड उघडायचा ते तिच्याच हाताला. तिथल्या पोरींनी कितीही लाडीगोडी लावली तरी ओठ घट्ट. लव्हॉन आली की चिमणीच्या पिलासारखा आ करायचा. "इतकी वर्षं मी कोकलत होते, माझ्या हातचं गरम असताना खा, तेव्हा ऐकलं नाही मेल्याने," असं ती म्हणायची आणि हसायची.

तर बीटचे ट्रक रस्त्यावर चिखल सांडत फिरू लागले त्या दिवसांत, एका सकाळी आर्लिस चर्चचं रविवारचं पत्रक कॉम्प्युटरवर जुळवत बसली होती. अचानक पडदा लालभडक झाला आणि आतून भोंगा वाजायला लागला. एक बाई करड्या आवाजात बजावू लागली की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये चोर शिरलाय, बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा. चर्चमधल्या सगळ्यांचे नंबर, वाढदिवस, पत्ते त्यात होते. तिने फोन लावला.

पलीकडचा माणूस मात्र लोण्यासारखा मऊ. नाव म्हणे केव्हिन. घाई नाही, दमदाटी नाही. आधी हवेचं विचारलं.

"तिकडे थंडी पडली का हो, मॅडम?"

"पडली म्हणजे काय! परवा गोठलं सगळं. पण याहून वाईट बघितलंय आम्ही."

झालं. आमच्याकडे हवेची चौकशी करणारा माणूस निम्मा नातेवाईकच होतो. केव्हिनने तिला काही अक्षरं टाइप करायला सांगितली, आणि मग पडद्यावरचा बाण तिने हात न लावता आपोआप फिरू लागला. त्याने तिला लाल फुल्यांची लांबलचक रांग दाखवली आणि हा सगळा रोग आहे म्हणाला. आर्लिसने डोक्याला हात लावला. त्याने रोग काढला. मग म्हणाला, पुन्हा शिरू नये म्हणून आमचं कायमचं संरक्षण घेऊन ठेवा.

"नको नको," आर्लिस म्हणाली. "एवढं केलंत तेच खूप झालं."

"तुमच्या काळजीने म्हणतो, मॅडम."

"नको हो. उगीच तुम्हाला त्रास."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, जरा हळू. तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्यांदाच हात पुढे करतो तो हावरट, आणि तिसऱ्यांदाही नको म्हणतो तो एक तर उर्मट नाही तर स्वीडिश. केव्हिनला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या धंद्यात तीनदा विचारायचंच असतं, एवढंच.

"माझी आई असती तर मी तिलाही हेच सांगितलं असतं," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "ती बिचारी आजारी असते. पाठीचं ऑपरेशन आहे या आठवड्यात."

"बरं, द्या मग," आर्लिस म्हणाली. तिने बँकेचं काही कॉम्प्युटरवर ठेवलंच नव्हतं, म्हणून कार्डावरचा नंबर वाचून दाखवला. रक्कम फार नव्हती. फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, "आईचं नाव काय तुमच्या?"

केव्हिन जरा थबकला. "रोझ," तो म्हणाला.

त्या दुपारी होल्विकमधल्या घराघरात फोन वाजला. केव्हिनच्या आईसाठी, रोझसाठी, प्रार्थना करा, पाठीचं ऑपरेशन आहे. आणि हो, तुमचा कॉम्प्युटर कुरकुर करत असेल तर त्याचा नंबर लिहून घ्या, मुलगा फार सज्जन आहे. कुणाच्या लबाड पोराच्या आईसाठी इतक्या मनापासून प्रार्थना पृथ्वीवर दुसरीकडे कुठे झाली असेल असं मला वाटत नाही. रविवारी तर पास्टरबाईंनी वेदीपाशी उभं राहून रोझचं नाव घेतलं.

लव्हॉनचा कॉम्प्युटर बरेच दिवस गोगलगायीसारखा चालत होता. नर्सिंग होमचे पैसे परस्पर भरता यावेत म्हणून तिच्या मुलाने, ॲरिझोनाला परत जायच्या आधी, बँकेचं सगळं त्यात घालून दिलं होतं. तिने केव्हिनला फोन करण्याआधी आर्लिसला केला.

"करू का गं मी त्याला? मला बाई भीती वाटते. परका माणूस."

"अगं, परका कसला! भला माणूस आहे. रोझ बरी आहे म्हणे आता, मी विचारलं."

"बघ हं. तू म्हणत्येस म्हणून."

"मी म्हणत्ये म्हणूनच कर."

केव्हिनने थोडे पैसे घेऊन लव्हॉनचा कॉम्प्युटर खरंच पळता केला. दोघींनी त्या आनंदात कॉफी प्यायली.

ख्रिसमसच्या आधी लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटायचे दिवस आले. आर्लिसच्या टेबलावर बटाट्याचं पीठ पसरलेलं, तव्यावर एक लेफ्से डाग धरत होती. तेवढ्यात दार न वाजवता लव्हॉन आत आली. बाहेर बर्फ होतं आणि तिच्या अंगावर कोट नव्हता.

"आर्लिस, मी काहीतरी केलंय," ती म्हणाली.

मग तिने उभ्याउभ्याच सांगितलं. केव्हिनचा फोन आला होता. त्यांची कंपनी बंद होतेय, सगळ्यांचे पैसे परत देतोय, तुमचेही देतो म्हणाला. पडद्यावर रक्कम तिलाच टाइप करायला लावली. पडदा थोडा वेळ काळा झाला आणि उजळला तेव्हा तिच्या खात्यात भलतेच पैसे आलेले. केव्हिन रडायलाच लागला. अहो, काय केलंत हे, जास्तीची शून्यं दाबलीत, आता माझी नोकरी जाणार, घरी आई अंथरुणावर आहे. लव्हॉनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे राहणं ही आमच्याकडे केवढी लाजेची गोष्ट! त्याने सांगितलं त्या खात्यात तिने पैसे पाठवले. उरलेल्यांची दुकानातून भेटकार्डं, म्हणजे आत पैसे भरलेली गिफ्ट कार्डं, आणली आणि त्यांवरचे नंबर त्याला फोनवर वाचून दाखवले. दुकानातल्या मुलीने विचारलं, एवढी कार्डं? तर केव्हिनने पढवल्याप्रमाणे ती म्हणाली, नातवंडांना.

"पण मग बँकेतली ती मुलगी म्हणाली," लव्हॉन खुर्चीत बसली, "ते पैसे कुणी पाठवलेच नव्हते. ते माझेच होते गं. पडदा काळा होता तेव्हा त्याने माझ्या ठेवीतले काढून माझ्याच रोजच्या खात्यात टाकले. मला दाखवायला. ऑरिनचे पैसे होते ते, आर्लिस. होमचे. सगळे."

तव्यावरची लेफ्से करपली. आर्लिसने आधी गॅस बंद केला आणि मग लव्हॉनच्या खांद्यावर शाल टाकली. त्याच आठवड्यात केव्हिनचा आर्लिसलाही फोन आला होता. पण तिचं बँकेचं काही कॉम्प्युटरवर नाही असं कळल्यावर त्याने गोड बोलून काढता पाय घेतला होता. तिला वाटलं होतं, बिचारा कामात आहे.

पोलिसांतला डेप्युटी कर्ट लुंडे आला. लहानपणी आर्लिसच्या ऑफिसात पोटदुखीचं नाटक करून बसायचा तो हाच. टोपी हातात धरून म्हणाला, "मिसेस स्कार, खरं सांगतो. पैसे देशाबाहेर गेलेले असतात एव्हाना. मी वर कळवतो. पण आशा धरू नका." आणि त्यांनी धरलीही नाही. पुढच्या महिन्यांत बँकेने दिलगिरी कळवली, सरकारी खात्याने तक्रार पोचल्याचं कळवलं, आणि ते प्रकरण तिथेच थंड झालं.

आर्लिसने आपल्याजवळचं होतं नव्हतं ते द्यायची तयारी दाखवली. त्यात ऑरिनचं जेमतेम वसंतापर्यंत भागलं असतं. लव्हॉनने ते घेतलंही नाही.

आता गाव काय म्हणालं, असं कुणी विचारेल. काहीच नाही. हेच तर आमचं वैशिष्ट्य. दुसऱ्या कुठल्या गावात चार बायका भांडल्या असत्या, कुणी तोंडावर बोललं असतं, आर्लिसला रडता तरी आलं असतं. आमच्याकडे हॉटडिश आल्या, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाची भांडी. बटाट्याच्या, मक्याच्या, नूडल्सच्या, झाकणावर चिकटपट्टीने नाव लावलेल्या. लव्हॉनकडे आल्या आणि आर्लिसकडेही आल्या, घरात कुणी गेल्यावर येतात तशा. देणारी प्रत्येक जण दारात म्हणायची, "तुझी काही चूक नाही हं." इतक्या जणींनी ते सांगितल्यावर चूक कुणाची याबद्दल शंकाच उरली नाही.

जानेवारीत चर्चच्या तळघरात कर्टने सगळ्यांना बोलावलं. साखळीतून तो नंबर आणखीही काही घरांत गेला होता आणि तिथेही थोडंफार नुकसान झालं होतं. कॉफी आणि गोड वड्या ठेवल्या होत्या. कर्टने चांगलं समजावून सांगितलं. पडद्यावर भोंगा वाजला तर घाबरू नका, मशीनच बंद करा. खरी कंपनी पडद्यावर फोन नंबर देत नाही आणि आपण होऊन फोनही करत नाही. परक्या माणसाला कॉम्प्युटरच्या आत घेऊ नका. कुणी भेटकार्डं मागितली की तो चोर, मग तो कितीही गोड बोलू दे. आणि सरळ फोन ठेवून द्या. उर्मटपणा वाटला तरी ठेवा.

"आणि सगळ्यांत महत्त्वाचं," कर्ट म्हणाला, "काहीही करण्याआधी आपल्या विश्वासातल्या माणसाला विचारा."

सगळ्यांनी माना खाली घालून आपापल्या कपात बघितलं. लव्हॉन दुसऱ्या रांगेत बसली होती. तीही कपात बघत होती. तिने विचारलं होतं ना. करण्याआधी विचारलं होतं. आर्लिसला वाटलं, तळघराची फरशी दुभंगावी आणि आपण खाली जावं. कर्टच्या काही लक्षात आलं नाही. तो पुढे पासवर्डबद्दल बोलत राहिला.

त्यानंतर साखळी चालेना. काढून कुणी घेतली नाही, तेवढा उघडेपणा आमच्यात कुठला? पण आर्लिसने फोन केला की घंटा वाजत राहायची. बायका आता ओळखीचा नंबर असला तरी उचलायला कचरायच्या. उचलला तर म्हणायच्या, "हो का? बरं, मी जरा पास्टरना विचारते." पास्टरबाई मोबाइलवरूनच सगळ्यांना संदेश पाठवू लागल्या. वयाने तरुण, त्यांना ते सोपं पडायचं.

फेब्रुवारीत ऑरिनला हलवलं. पैसे संपले होते, आणि गावच्या होममध्ये सरकारी मदतीवर राहणाऱ्यांसाठी खाटा नव्हत्या. जिथे होत्या तिथे पोचायला मोटारीने अर्धा दिवस मोडायचा, आणि लव्हॉनच्या डोळ्यांमुळे तिचं गाडी चालवणं कधीच सुटलं होतं. आर्लिसचे डोळे धड होते, गाडी धड होती. ती रस्ता ओलांडून गेली.

"मी नेते ना तुला. दर आठवड्याला जाऊ."

"नको गं. तुला कशाला त्रास."

"त्रास कसला? मला तरी दुसरं काय काम आहे?"

"नको, खरंच नको. रस्ते निसरडे आहेत."

"लव्हॉन, चल की. तो जेवत नसेल."

लव्हॉनने दाराच्या चौकटीला हात लावला. "नको," ती म्हणाली. तिसऱ्यांदा. आवाजात राग नव्हता. तिला त्या गाडीत आर्लिसशेजारी इतका वेळ बसायचं नव्हतं, कारण इतक्या वेळात ती गोष्ट निघाल्याशिवाय राहिली नसती. आर्लिसला ते कळलं. ती परत आली आणि कोट न काढता तशीच स्वयंपाकघरात बसून राहिली.

लव्हॉन महिन्यातून एकदा पास्टरबाईंबरोबर जायची. मधल्या दिवसांत कोण जाणार? आर्लिस एकटी जाऊ लागली. कुणाला न सांगता. लव्हॉन करायची तसं वाटाण्याचं सूप करून न्यायची. ऑरिन खिडकीपाशी खुर्चीत असायचा, गालाची हाडं वर आलेली, सदरा खांद्यावरून ओघळलेला. ती चमचा पुढे करायची, तो ओठ मिटून घ्यायचा. ती बोलायची, बीटचं, बर्फाचं, मायलो आणि तो मासे मारायला गेले आणि बोट उलटली त्याचं. तो मान फिरवायचा. सूप गार व्हायचं. तिथली मुलगी म्हणायची, "तो कुणाकडूनच घेत नाही हो, काकू. वजन फार उतरलंय." आर्लिस डबा पुसून परत निघायची.

लव्हॉनला तिने सांगितलं नाही. सांगून काय सांगणार, तुझा नवरा माझ्याही हातून खात नाही?

बर्फ वितळू लागलं त्या सुमाराला एका दुपारी तिने नेहमीसारखा चमचा पुढे केला, आणि ऑरिनने तोंड उघडलं. आर्लिसच्या हातून निम्मं सूप त्याच्या हनुवटीवर सांडलं. तिने दुसरा चमचा भरला. त्याने तोही घेतला. मग तिसरा. अर्धी वाटी संपवली त्याने, तिच्याकडे बघत, मध्येच काहीतरी पुटपुटत. मग डोळे मिटून झोपला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मुलगी कुठे कामात होती. आर्लिसने त्याचं तोंड पुसलं आणि ती तिथेच बसून हमसून हमसून रडली. इतक्या महिन्यांत तिला पहिल्यांदा आनंद झाला होता, आणि तो सांगायला तिला जगात एकच माणूस होतं.

घरी येऊन तिने हातमोजेही न काढता फोन लावला. बराच वेळ घंटा वाजली.

"हॅलो?" लव्हॉनचा आवाज सावध होता.

"अगं, मीच. ऐक, मी ऑरिनकडे गेले होते. जाते मी अधूनमधून. तो जेवला गं आज! वाटाण्याचं सूप. अर्धी वाटी. आ करून, तुझ्यासमोर करायचा ना, तसा."

पलीकडे लव्हॉनने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. आर्लिसला वाटलं, रडत असेल.

"तिथल्या मुलीने काल मला फोन केला होता," लव्हॉन म्हणाली. "तो पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही म्हणाली. मी मनाची तयारी करायला लागले होते."

"काल नसेल घेतला, पण आज घेतला. माझ्या हातून. मी स्वतः बघितलं, लव्हॉन."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"नाही गं! शपथेवर सांगते. खरंच जेवला."

"आर्लिस," लव्हॉन म्हणाली, आणि आमच्या गावात जे कुणी कधी बोललं नव्हतं ते ती अगदी शांतपणे बोलली, "त्या माणसाला पण तू भला म्हणाली होतीस."

आणि तिने फोन ठेवला.

आर्लिस रिसीव्हर कानाला लावून उभी राहिली. ऑरिन खरोखर जेवला होता. तिने पुन्हा फोन लावला नाही. त्या आठवड्याअखेर ऑरिन गेला, आणि ते गावाला पास्टरबाईंच्या संदेशावरून कळलं.